बाबांचं व्हिटॅमिन डी ११ आलंय, पावसात छाती भरते ती त्यामुळेच का? रोज साठ हजार युनिटची पुडी देऊ का?

केरीची_लेक
नमस्कार सगळ्यांना. जरा लांबेल पण पूर्ण वाचा, मला खरंच कळत नाहीये काय करायचं. आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले, केरीच्या बाजूचे. बाबा ६७ वर्षांचे, शुगर नाही, प्रेशरची एक गोळी, पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचे आणि विडी ओढायचे, विडी आता कमी केलीय पण सुटलेली नाही. गेली तीन वर्षं हे ठरलेलंच आहे, मिरग लागला की पंधरा दिवसांत नाक गळायला लागतं, मग ताप, मग छातीत घरघर. तोच ताप घरात आम्हा सगळ्यांना येतो, आम्ही चार दिवस पेज खाऊन उठतो आणि बाबांचं मात्र छातीवर जातं. यंदा जुलैत ऑक्सिजन ९१ दाखवायला लागला म्हणून १०८ बोलावून नेलं, पाच दिवस ठेवून घेतलं, फ्लू निघाला. तिथे तिसऱ्या दिवशी रक्त काढलं त्यात व्हिटॅमिन डी ११.
आता मुंबईचा मावसभाऊ म्हणतो डी कमी होतं म्हणूनच एवढं गंभीर झालं, कोविडच्या वेळी पण डी कमी असलेलेच जास्त गेले, तू महिनाभर रोज साठ हजारची पुडी दे, सोबत व्हिटॅमिन सी आणि झिंक, पुढच्या पावसाळ्यात काही होणार नाही बघ. पुड्या घरात येऊन पडल्यात पण मी अजून सुरू केलेल्या नाहीत. आणि एक गोष्ट डोक्यात शिरतच नाही, माणूस सकाळपासून कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत असतो, घरात बसलेला नाही, मग डी कमी होईलच कसं?

माडाखाली
कुळागरात असतात म्हणूनच कमी असेल! आमच्या काकांचं असंच होतं. पोफळीच्या आत ऊन पोचतं कुठे, वर झावळ्या, खाली मिरी आणि केळी, त्यात डास म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला टॉवेल. शिवाय आपली माणसं पहाटे जातात आणि ऊन चढलं की घरी येऊन जेवून झोपतात. डी तयार करणारे किरण नेमके भर दुपारचे, अकरा ते तीनच्या मधले. साधा हिशोब सांगतो, उन्हात उभं राहून आपली सावली आपल्यापेक्षा लहान पडली तर त्या उन्हाचा उपयोग. पावसाळ्याचे चार महिने तर ढगच. बाबांना आता ऊन पडेल तसं वीसेक मिनिटं हातपाय उघडे ठेवून अंगणात बसवा, काचेच्या आतून नको, काचेतून ते किरण येत नाहीत.

फोंड्याचा_डॉक्टर
ताई, मी मेडिसिनचा डॉक्टर आहे, बाबांना तपासलेलं नाही त्यामुळे औषध ठरवणार ते तुमचेच डॉक्टर, पण तुमच्या भावाच्या बोलण्यात एक खरी गोष्ट आणि एक चुकीची गोष्ट एकत्र झालीय ती सुटी करून सांगतो. आणि सगळ्यात आधी, रोजची पुडी सुरू केली नाहीत ते फार बरं केलंत.
खरी गोष्ट ही की फ्लू असो कोविड असो, जे जास्त आजारी पडतात त्यांचं डी कमी सापडतं, हे जगभर दिसलंय. पण ते कमी का सापडतं ते बघा. वय झालेला, आधीच छाती कमजोर असलेला, घरात पडून असलेला, जाड माणूस, या सगळ्यांचं डी मुळातच कमी असतं आणि हेच लोक कुठल्याही तापात जास्त आजारी पडतात. म्हणजे दोन्ही गोष्टींचं मूळ तिसरीकडेच असू शकतं. दुसरं म्हणजे शरीरात मोठी सूज असली की डी ची रक्तातली पातळी आपोआप खाली जाते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या लोकांचं रक्त आधी आणि नंतर तपासून हे बघितलेलं आहे, दोन दिवसांत पातळी बरीच उतरते, त्या दोन दिवसांत त्यांचं ऊन काही कमी झालेलं नसतं. तुमच्या बाबांचं रक्त तापाच्या भरात, ॲडमिट असताना तिसऱ्या दिवशी काढलंय. ते ११ कदाचित बरं असताना १५ किंवा १८ असेल. कमी आहेच, २० च्या खाली म्हणजे कमीच धरतात, पण आजारामुळे पातळी उतरली की पातळी कमी म्हणून आजार वाढला हे त्या एका रिपोर्टवरून कुणीच सांगू शकत नाही.
मग कळायचं कसं, तर देऊन बघायचं, अर्ध्यांना डी आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी साधी गोळी. ते झालेलं आहे. ब्राझीलमध्ये कोविडने ॲडमिट झालेल्या २४० जणांवर प्रयोग झाला, २०२१ मध्ये छापून आला. अर्ध्यांना एकदम २ लाख युनिट दिलं. त्यांची पातळी २१ च्या आसपास होती ती ४४ वर गेली, म्हणजे रिपोर्ट एकदम चांगला झाला, पण हॉस्पिटलातले दिवस दोन्हीकडे सारखेच, मृत्यूतही फरक नाही. मी हा प्रयोग पेशंटच्या घरच्यांना नेहमी सांगतो कारण आपण रिपोर्टमधल्या आकड्याला औषध देतो आणि माणूस बरा होईल असं धरून चालतो.
तुम्ही म्हणाल ते आजारी पडल्यावर दिलं, आधीपासून दिलं तर? तेही बघितलंय. ब्रिटनमध्ये ६,२०० लोकांवर, ज्यांचं कमी निघालं त्यांना सहा महिने रोज ८०० किंवा ३,२०० युनिट दिलं, सर्दीतापाच्या किंवा कोविडच्या प्रमाणात फरक पडला नाही, हे २०२२ चं. ऑस्ट्रेलियात साठीच्या वरच्या २१,००० लोकांना पाच वर्षं महिन्याला एकदा नेमकं ६०,००० युनिटच दिलं, आपली पुडी तेवढीच असते बघा. छातीचे आजार होण्याचं प्रमाण तेवढंच राहिलं, लक्षणं किंचित लवकर ओसरली असावीत एवढंच. मात्र तिथल्या बहुतेकांना मुळात कमतरता नव्हती हे धरायला हवं. सगळे प्रयोग एकत्र करून २०१७ मध्ये असं दिसलं होतं की रोज किंवा आठवड्याला थोडं थोडं दिलं आणि पातळी अगदीच तळाला, १० च्या खाली असेल तर सर्दी खोकल्यापासून थोडं संरक्षण मिळतं, एकदम मोठा डोस दिला तर नाही. पुढे अजून प्रयोग जमा होत गेले तसा तो फायदा आक्रसत गेला, २०२५ मध्ये ६४,००० लोकांचा हिशोब झाला तेव्हा तो योगायोग म्हणण्याइतका बारीक उरला.
याचा अर्थ बाबांना डी देऊच नका असा अजिबात नाही! ६७ व्या वर्षी ११ म्हणजे हाडांसाठी, स्नायूंसाठी भरून काढायलाच हवं, पावसात शेवाळावर घसरून खुबा मोडला तर ते दुखणं फ्लूपेक्षा मोठं. साधारण पद्धत म्हणजे साठ हजार आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, दूध किंवा जेवणासोबत कारण ते चरबीत विरघळतं, आणि मग रोजचा लहान डोस. आधी रक्तातलं कॅल्शियम आणि किडनीसाठी करतात ते क्रिएटिनिन तपासून घ्या. फक्त त्यावर पावसाळ्याची भिस्त ठेवू नका.

पेडण्याची_माई
बाय, रोज देऊ नको, पाया पडते. आमच्या सासूबाईंना गेल्या वर्षी गुडघे दुखतात म्हणून एकाने पुड्या लिहून दिल्या, चिठ्ठीवर काय लिहिलंय ते आम्हाला वाचता आलं नाही आणि औषध देणाऱ्यानेही सांगितलं नाही, आम्ही आपलं गोळ्या जशा रोज देतात तशी रोज रात्री दुधातून एक पुडी देत गेलो जवळजवळ दोन महिने. आधी भूक गेली, मग उलट्या, शौचाला होईना, सारखी तहान आणि सारखं लघवीला, आम्हाला वाटलं शुगर वाढली. मग एक दिवस त्या मला ओळखेनात, माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारायला लागल्या. नेलं तेव्हा त्या पुड्यांनी रक्तातलं कॅल्शियम वाढून १३ च्या वर गेलेलं आणि किडनीवर परिणाम झालेला. सलाईन चढवून चढवून खाली आणलं, आठ दिवस गेले, आणि डॉक्टर म्हणाले हे चरबीत साठून राहतं, पुड्या बंद केल्या तरी कित्येक आठवडे अंगात असतं म्हणून घरी आल्यावर पण दर आठवड्याला रक्त. आता बऱ्या आहेत पण किडनी पूर्वीसारखी नाही. माझ्या हातांनी दिलं होतं ते मी, अजून रात्री आठवतं. औषधाच्या दुकानात विचारायला लाजू नको, रोज की आठवड्याला हे तोंडाने विचारून घे आणि पुडीवर वार लिहून ठेव.

केरीची_लेक
माई वाचून अंगावर काटा आला. पुड्या कपाटात वर ठेवून दिल्या आत्ताच. सासूबाईंना जपा, आणि तुम्ही मुद्दाम नाही केलंत हो.
डॉक्टर, मग प्रश्न तोच राहिला, आम्ही चार दिवसांत उठतो आणि बाबांचंच छातीवर का जातं? आणि सी आणि झिंकचं काय?

फोंड्याचा_डॉक्टर
छातीवर जातं ते वय, विडी आणि खाणीवरची धूळ यामुळे असण्याची शक्यता व्हिटॅमिनपेक्षा कितीतरी जास्त. मी तुमच्या जागी असतो तर दुसरं रक्त तपासण्याआधी बाबांची फुंकून करतात ती फुफ्फुसाची तपासणी, स्पायरोमेट्री, करून घेतली असती. आत्ता ते बरे आहेत तेव्हाच करायची, आजारात नाही. विडीमुळे श्वासनळ्या आकसलेल्या निघाल्या तर त्याला रोजचा पंप असतो आणि त्याने पुढचा पावसाळा खरोखर बदलू शकतो.
आणि फ्लूची लस! तीन पावसाळे छाती भरली आणि कुणी लसीचं नाव काढलं नाही याचं मला फार वाईट वाटतं. आपल्याकडे ती सरकारी लसीकरणाच्या यादीत नाही त्यामुळे विचारून घ्यावी लागते, दरवर्षी घ्यावी लागते कारण विषाणू बदलतो. पावसाच्या आधी, मे मध्ये घेतलेली चांगली. पण फ्लू जानेवारी ते मार्चमध्येही डोकं वर काढतो, म्हणून आत्ता घेता येईल का ते विचारा. न्यूमोनियाची न्यूमोकोकल लस असते, तीही विचारा.
सी रोज घेणाऱ्या मोठ्या माणसांची सर्दी साधारण ८ टक्के लवकर बरी होते, लहान मुलांची १४ टक्के, म्हणजे मोठ्यांच्या सात दिवसांच्या सर्दीत अर्धा दिवस. सर्दी सुरू झाल्यावर घेतलं तर खात्रीने सांगता येईल असा उपयोग नाही. कोविडमध्ये झिंक आणि सी मोठ्या डोसमध्ये देऊन बघितलं, २१४ लोक होते, लक्षणं लवकर गेली नाहीत. पेरू आणि आवळे खाऊ दे, गोळ्यांचे पैसे लसीला ठेवा.

अंगणवाडीताई_डिचोली
एक सांगू का, व्हिटॅमिनचा काहीच उपयोग नाही असं कुणी इथून वाचून जाऊ नये म्हणून लिहितेय. आम्ही नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत मुलांना व्हिटॅमिन ए पाजतो, पहिला डोस १ लाख युनिट गोवरच्या लसीसोबत, मग दर सहा महिन्यांनी २ लाख, एकूण नऊ. पुष्कळ आया म्हणतात पोर ठणठणीत आहे, कशाला. गोवर पण श्वासातून पसरणारा विषाणूच आहे आणि गोवरात मुलं जातात ती बहुतेक न्यूमोनियाने. दक्षिण आफ्रिकेत १९९० मध्ये गोवराने गंभीर झालेल्या १८९ मुलांवर प्रयोग झाला होता, १२ मुलं गेली, त्यातली १० व्हिटॅमिन ए न मिळालेल्यांतली. म्हणून आजही गोवर झालेल्या मुलाला दोन दिवस लागोपाठ डोस देतात. आमच्या ट्रेनिंगमध्ये हे ऐकलं तेव्हापासून मी एकही घर सोडत नाही.

फोंड्याचा_डॉक्टर
ताई अगदी योग्य वेळी लिहिलंत. गोवर स्वतःच अंगातलं ए संपवतो आणि श्वासनळीच्या अस्तराला त्याची गरज असते, म्हणून तिथे देण्याने जीव वाचतो. तेच ए गोवर नसलेल्या न्यूमोनियात देऊन बघितलं तर फायदा दिसला नाही. प्रत्येक व्हिटॅमिन, प्रत्येक आजार वेगळा तपासावा लागतो.

माडाखाली
मासेमारीची बंदी उठलीय, बांगडे आणि तारले यायला लागलेत. डी साठी तेलकट मासा चांगला आणि अंड्याचा बलक. अर्थात ११ वरून नुसत्या माशाने नाही चढणार.

केरीची_लेक
बाबा बांगड्याला कधी नाही म्हणत नाहीत, तेवढं सोपं आहे. आज संध्याकाळी त्यांच्याशी बोलले. लसीला लगेच हो म्हणाले, ती फुंकायची तपासणी म्हटल्यावर गप्प बसले, मग म्हणाले विडी सोडायला सांगतील ना. मी म्हटलं सांगतील. बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले सोमवारी नको, सुपारी उतरवायला माणसं येणार आहेत, मंगळवारी चल. पुडी डॉक्टरांना दाखवून, आठवड्याची म्हणाले तर कॅलेंडरवर रविवारी खूण करून. माई, ते वार लिहायचं तुमच्याकडूनच. देव बरें करूं सगळ्यांना.

पेडण्याची_माई
मंगळवारी काय झालं ते नक्की लिही बाय. ऑक्सिजन मोजायचं ते यंत्र घरात आहे ना, त्याचे सेल बघून ठेव, आणि ९४ च्या खाली गेलं तर रात्र असो की पाऊस, थांबू नको.