विषय: सर्बियन मजुरांची वर्गणी आणि आपला मदतनिधी

प्रेषक: माधवी

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात आपल्यातला एक जण अचानक गेला. पार्थिव भारतात न्यायचं की इथेच सगळं करायचं हे ठरेपर्यंत आपण रात्रभर फोन करून पैसे जमवत होतो. जमले, पण तेवढ्या वेळात त्याच्या बायकोला किती जणांपुढे बोलावं लागलं ते मी जवळून पाहिलं. म्हणून हे लिहितेय.

याच पिट्सबर्गमध्ये सर्बियन लोकांपुढे हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी उभा होता. त्या काळी आलेले बहुतेक सर्ब खुद्द सर्बियातून आलेच नाहीत. ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यातले, लिका, कोर्दुन, बानिया या सरहद्दीच्या मुलखातले. पिढ्यानपिढ्या तुर्कांविरुद्ध सीमा राखायची आणि त्याबदल्यात जमीन कसायची, ही त्यांची रीत. १८८१ मध्ये ती व्यवस्थाच मोडीत निघाली. त्यांची एकत्र कुटुंबं, म्हणजे ‘झाद्रुगा’, फुटली आणि वाटणीला आलेल्या तुकड्यावर पोट भरेना. (हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.) एकटे पुरुष इथल्या पोलादाच्या भट्ट्यांवर आले. बारा तासांची पाळी, आणि एकाच खाटेवर रात्री एक जण, दिवसा दुसरा. सरकारी कागदावर त्यातले कितीतरी ‘ऑस्ट्रियन’.

भट्टीवर माणूस गेला तर? पेनसिल्व्हेनियात कामगार भरपाईचा कायदा झाला १९१५ मध्ये. त्याआधी घरच्यांच्या हाती फार थोडं पडायचं. म्हणून त्यांनी आपापल्या वस्तीत ‘लॉज’, म्हणजे एकमेकांना मदत करणाऱ्या सभासदांची मंडळं, काढली: दरमहा थोडी वर्गणी, आणि माणूस गेला तर दफनाचा खर्च व घरच्यांना ठरलेली रक्कम. १९०१ मध्ये पिट्सबर्ग परिसरात ‘सर्बोब्रान’ संघ उभा राहिला, १९०६ मध्ये त्याचं वर्तमानपत्रही निघालं. न्यूयॉर्कमध्ये असाच ‘स्लोगा’ नावाचा संघ होता. त्याची धुरा कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मिहाइलो पुपिन यांनी वाहिली. ते १८७४ मध्ये जवळजवळ रिकाम्या खिशाने बोटीतून उतरले होते. पुढे असे संघ एकत्र येऊन सर्ब नॅशनल फेडरेशन झालं.

विधवेला कुणापुढे हात पसरावा लागत नव्हता. तिच्या नवऱ्याने वर्गणी भरलेली होती, तिचा तो हक्क होता. आपणही असा निधी काढूया.

— माधवी

प्रेषक: श्रीकांत

माधवी,

तुझं म्हणणं पटलं. निधीला माझा पाठिंबा धर. पण त्याच लोकांची पुढची गोष्टही मंडळाने ऐकावी.

दुसऱ्या महायुद्धानंतर कम्युनिस्ट राजवटीपुढे मायदेशी परतता न आलेले हजारो सर्ब निर्वासित म्हणून इथे आले. १९६३ मध्ये त्याच राजवटीखालच्या बेलग्रेडमधल्या सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्चने अमेरिकेतल्या धर्मप्रांताचे तीन भाग केले आणि इथल्या बिशप दियोनिसिये यांना पदावरून दूर केलं. हा निर्णय मानणारे एकीकडे, न मानणारे दुसरीकडे. एकेका गावात चर्चची इमारत कुणाची, यावर भांडण. सख्खे भाऊ वेगवेगळ्या चर्चमध्ये जाऊ लागले. खटला १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि समेट व्हायला १९९० चं दशक उजाडलं.

तेव्हा निधीचं खातं कार्यकारिणीच्या हाती नको. विश्वस्त वेगळे, हिशेब वेगळा. आपल्याकडे निवडणुकीनंतर माणसं बोलेनाशी होतात, हे मी तीस वर्षं पाहतोय.

— श्रीकांत

प्रेषक: ऋता

काका, ताई,

माझ्या ऑफिसातल्या सर्बियन मैत्रिणीने एकदा मला ‘स्लावा’ला बोलावलं होतं. स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस, बापाकडून मुलाकडे आलेला, आपल्या कुलाचारासारखाच. मेणबत्ती, नक्षीचा पाव, आणि शिजवलेला गहू साखर-अक्रोड घालून. वडील घरातल्या गेलेल्यांची नावं घेत होते. त्यातलं पहिलं नाव पणजोबांचं, जे भट्टीवर गेले. लॉजच्या पैशावर पणजीने मुलं वाढवली, असं त्यांनी मला सांगितलं.

एक सूचना: निधीत इथे राहायला येणारे आईवडीलही धरा. नोकरीतला विमा आपल्याला असतो, त्यांना नसतो. पहिल्या वर्षीचे विश्वस्त म्हणून श्रीकांतकाकांचं नाव मी सुचवते. काका, नाही म्हणू नका.

— ऋता