कच्छ ताणाचं खोरं, मग थर घुमटासारखे वर कसे?

नतिमापक
कच्छ हे रिफ्ट खोरं. जमीन ताणली, फॉल्टवर (खडक सरकतात त्या भेगेवर) खचली, खड्ड्यात ज्युरासिक गाळ साठला, इथपर्यंत ठीक. पण भूजच्या वायव्येला झुरा, कीरा इथे तेच थर घुमटासारखे उचललेले दिसतात. सेस्मिक सेक्शनवर (ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीतून मिळालेल्या जमिनीच्या उभ्या छेदावर) आधीचा ताण आणि नंतरचा दाब वेगळे कसे ओळखायचे?

गाळपट्टा
याला इन्व्हर्जन (उलटणं) म्हणतात. भारतीय प्लेट आशियाला धडकल्यावर दाब आला, आणि जुने कमकुवत फॉल्ट उलटे सरकू लागले. २६ जानेवारी २००१ च्या ७.७ तीव्रतेच्या भूकंपातला फॉल्ट दक्षिणेकडे साधारण ५० अंशांनी उतरता होता. दाबाने नवा फॉल्ट पडला असता, तर तो ३० अंशांच्या आसपास अपेक्षित. इतका उभा रिव्हर्स (दाबाने वर सरकलेला) फॉल्ट म्हणजे बहुधा जुना नॉर्मलच (ताणाने खचलेला).

आधी एकाच थराची जाडी फॉल्टच्या दोन्ही बाजूंना मोजा. हँगिंग वॉलची (तिरक्या फॉल्टच्या वरच्या बाजूची) जाडी भागिले फूटवॉलची (खालच्या बाजूची), उत्तर १ पेक्षा बरंच जास्त आलं तर थर साठताना फॉल्ट खचत होता. मात्र थराचा माथा झिजलेला नाही ना, ते बघा. मग खालून वर एकेका थराची सरक तपासा. खाली नॉर्मल, वर रिव्हर्स. मधे सरक शून्य होते तो नल पॉइंट. दाब वाढत जातो तसा तो खाली उतरतो.

खडूस खडक
जाडी थराला काटकोनात मोजा, उभी नको. नती (थराचा कल) ६० अंश असेल तर उभे १०० मीटर म्हणजे खरे ५०च! या घुमटांची उत्तर बाजूच तीव्र उताराची, त्यामुळे गुणोत्तर नेमकं तिथेच बिघडतं.

दुसरा चकवा बेसाल्टचा (थिजलेल्या लाव्हाच्या खडकाचा). एका बाजूला ३०० मीटर बेसाल्ट (लहरींचा वेग ५,००० मी/से), दुसऱ्या बाजूला तितकाच गाळ (३,००० मी/से) असेल, तर जाऊन-येऊन ०.१२ आणि ०.२० सेकंद लागतात. बेसाल्टखालचा थर ८० मिलिसेकंद वर दिसतो, प्रत्यक्षात सपाट असला तरी. वेळेचं मीटरमधल्या खोलीत रूपांतर केल्याशिवाय उंचवटा मानू नका.

नतिमापक
आणि हे उलटणं कधीचं?

गाळपट्टा
सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा डेक्कन ट्रॅप (बेसाल्टचे थर) आणि त्यावरचे टर्शरी (त्यानंतरच्या काळातले) थरही कच्छच्या दक्षिण अंगाला समुद्राकडे कललेत, म्हणजे हालचाल त्यानंतरही चालू राहिली. पण प्रत्येक घुमट दाबाच्या खात्यावर टाकू नका. काहींच्या गाभ्यात आग्नेय अंतर्भेदनं (खालून घुसून थिजलेला शिलारस) आहेत, आणि उचल त्यांची किती, फॉल्टची किती यावर जुना वाद आहे.