उत्तर: व्हिकर नुसता बिशपच पाठवतो का?

वर एकांनी लिहिलंय की बिशपने ऑर्डर काढली की झालं, नवीन व्हिकर, म्हणजे गावच्या चर्चचा पाद्री, हजर. आपल्याकडे सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) पाद्रींच्या बदल्या होतात त्यावरून असं वाटणं साहजिक आहे, पण इंग्लंडात गाडी वेगळीच चालते. १९८६ च्या कायद्याप्रमाणे जागा रिकामी झाली की गावातली चर्च कौन्सिल आधी आपल्या पॅरिशची (एका चर्चच्या हद्दीतल्या भागाची) माहिती लिहून काढते आणि आपले प्रतिनिधी निवडते, नाव सुचवतो तो पेट्रन, म्हणजे कुठे बिशप, कुठे ऑक्सफर्ड-केंब्रिजचं एखादं कॉलेज, कुठे जुनं जमीनदार घराणं, आणि प्रतिनिधी नाही म्हणाले तर सहसा ते नाव तिथंच अडतं.

आमच्या इथे इंग्लंडात चार-पाच खेड्यांना मिळून एकच व्हिकर, त्यामुळे खरी ओढाताण त्या माहितीपत्रकातच होते. एका गावाला सकाळी आठची जुन्या प्रार्थनापुस्तकातली शांत उपासना हवी, दुसऱ्याला गिटार आणि लहान मुलं, आणि सगळ्यांनाच व्हिकर आपल्याच गावात दिसायला हवा! माझं स्पष्ट मत आहे की गळकं छप्पर, रिकामे बाक, रविवारी कुठून कुठे पळावं लागतं, सगळं खरं लिहावं. गुडी-गुडी लिहून माणूस आणायचा आणि वर्षभरात त्याला पिळून काढायचं हे बरोबर नाही हो.

आणि नवीन व्हिकर येईपर्यंतच्या मधल्या काळात सगळा भार चर्चवॉर्डनांवर (चर्चची व्यवस्था बघणारी गावातलीच निवडलेली माणसं) आणि रिटायर्ड पाद्रींवर पडतो, त्यांना आधी विचारा काय झेपतंय ते.