मदत हवी आहे: भाच्याला दशांश अपूर्णांक कसे पटवून देऊ?

रातांबा (वेंगुर्ला):
भाचा सहावीत आहे. पूर्ण संख्यांची गणितं तोंडी करतो, पण दशांश चिन्ह दिसलं की गडबड सुरू. ०.१२५ हे ०.५ पेक्षा मोठं म्हणतो, कारण ‘एकशे पंचवीस पाचापेक्षा मोठे’. २.७५ + १.५ मांडताना उजवी टोकं जुळवतो आणि २.९० आणतो. ०.४ × ०.५ = ०.२ म्हटलं तर भांडायला उठतो, ‘गुणल्यावर कमी कसं होईल?’ आणि ३ ÷ ०.२५ = १२ ही तर त्याला सरळ फसवणूक वाटते.

रुपये-पैशांनी समजावून पाहिलं. पण चार आणे २०११ मध्येच बंद झाले, याने पैसा हातात धरलेलाच नाही. बाजारात न्यावं तर नारळ नगावर, हापूस डझनावर, बांगडे वाट्यावर. घरी काजूगराची पाकिटं भरून विकतो, तेवढाच काय तो वजनाचा व्यवहार. नियम पाठ करून घ्यायचे नाहीत, पटायला हवं. काय करू?

खाडीकाठ (मालवण):
झिलाच्या हातात काटो दे गो! थट्टा नाही करत. इलेक्ट्रॉनिक काट्यावर बहुधा तीन स्थळं दिसतात. अर्धा किलो काजूगर ठेवले की ०.५००, सव्वाशे ग्रॅमला ०.१२५. शेवटची शून्यं काटाच भरून देतो, मग कोण मोठं ते डोळ्यांना दिसतं. बेरजेतही तेच करा: २.७५० खाली १.५००, झाले ४.२५०. शून्यं भरली की उजवी टोकं जुळवली तरी बिघडत नाही, त्यामुळे त्याची सवयही मोडावी लागणार नाही.

भागाकाराला तीन किलो काजूगर समोर ओता आणि पाव-पाव किलोची पाकिटं भरायला लावा. बारा भरतील. मग वहीत दोन्ही संख्यांना १०० ने गुणून ३०० ÷ २५.

आणि ‘शून्य पॉइंट एकशे पंचवीस’ म्हणणं आजपासून बंद. ‘एक-दोन-पाच’ म्हणा. अर्धा घोळ तिथेच आहे.

जुना_मास्तर (गुहागर):
काटा ठीक, पण सगळंच ग्रॅममध्ये नेलंत तर मुलगा दशांश शिकणार नाही, टाळायला शिकेल. गुणाकाराला पावकी-निमकी, म्हणजे पाव आणि अर्ध्याचे जुने पाढे, काढा. निम्म्याचं निम्मं पाव, हे त्याला मान्य असेलच. तेच ०.५ × ०.५ = ०.२५. एकापेक्षा लहान संख्येने गुणायचं म्हणजे तेवढा हिस्सा काढायचा, मग उत्तर वाढेल कसं?

शिवाय आधी अंदाज, मग आकडेमोड. काजूगर ९०० रुपये किलो धरा. ०.३५ किलोचे किती? तिसरा हिस्सा ३००, म्हणजे त्याहून थोडे जास्त. आता चिन्ह बाजूला ठेवून ३५ × ९०० = ३१५००, दोन स्थळं मागे या, ३१५. कोणी ३१.५ आणलं तर वही न तपासता चूक कळते.

चिरेखाण (राजापूर):
फक्त टिंब दिसलं की दशांश, असं होऊ देऊ नका. क्रिकेटमध्ये ४.३ आणि २.४ षटकं मिळून ७.१ होतात. सातबाऱ्यावर ०.१२.५० अशी दोन टिंबं: हेक्टर, आर, चौरस मीटर. तिथे मात्र शंभराशंभराचाच हिशोब आहे, म्हणून ते ०.१२५० हेक्टर.

रातांबा:
षटकांचं एवढ्यात नका हो काढू, आधीच तो वाद घालायला टपलेला असतो! काजूगर मोजून झाले, भागाकार पटला. सासूबाईंना दिडकी, औटकी (दीड आणि साडेतीनचे पाढे) अजून येते, त्यांनी त्याला अडीच गुणिले साडेतीन घातलंय. याने ८७५ काढलं आणि चिन्ह कुठे द्यायचं म्हणून बसलाय.

जुना_मास्तर:
मोजायच्या आधी त्याला विचारा, दोन त्रिक किती आणि तीन चोक किती? सहा आणि बारा. उत्तर त्यांच्या मधलं हवं. ८७.५ बसत नाही, ०.८७५ बसत नाही. राहिलं ८.७५. मग स्थळं मोजू दे: २.५ चं एक, ३.५ चं एक, मिळून दोन.