नाव दिले नाही तरी

कोंबड्याला नाव दिले नाही तर कापताना त्रास होत नाही, असे काही जण म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. पाटण तालुक्यातील आमच्या घरी खुडूक कोंबडी २१ दिवस अंड्यांवर बसते, आणि पिलू असल्यापासून कण्या टाकणाऱ्या, सायंकाळी डालग्याखाली झाकणाऱ्या ज्या हातांची सवय झालेली असते, त्याच हातांत सहा महिन्यांनी तो कोंबडा निर्धास्तपणे येतो; खरे दुःख त्या विश्वासाचे असते. अंधारात तो शांत राहतो, म्हणून मी त्याला पहाटेच, इतर कोंबड्यांपासून दूर नेतो, आणि सुरीला आदल्या रात्रीच धार लावतो. आई त्या दिवशी रस्सा करते, मात्र स्वतः वाढून घेत नाही, आणि आम्ही तिला आग्रहही करत नाही.