रानफुलांत मुलांचे फोटो : सल्ला हवाय

दोघांचीआई :
मुलगी चार वर्षांची, मुलगा दीड. वसंतात माळ फुलला की दोघांचे फुलांत बसलेले फोटो काढायचेत. गेल्या वेळी ऐन दुपारी गेलो. पोरांचे डोळे मिचमिचे, नाकाखाली काळी सावली, आणि फुलं इतकी विरळ दिसली की गवतात कुणी कागदाचे कपटे उडवलेत असं वाटावं. ५० आणि ८५ मिमीच्या लेन्स आहेत. काय चुकलं?

लेन्सवेडा :
वेळ चुकली आणि उंचीही. मावळतीच्या आधीचा तासभर धरा, नाहीतर ढगाळ दिवस. आणि उभ्याने काढलेत ना? उभ्याने पाहिलं की फुलांमधली माती दिसते. सरळ पोटावर पडा. लेन्स फुलांच्या उंचीला आली की पुढची-मागची फुलं एकावर एक येतात, विरळ माळही दाट दिसतो. ८५च लावा. एकटं पोर असेल तर अॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत येण्याचं छिद्र) एफ २.८ चालेल, दोघं असतील तर एफ ५.६ तरी ठेवा, नाहीतर ताई शार्प आणि भाऊ धूसर. शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू नको, दीड वर्षाचं पोर थांबतंय कुठे!

पायवाट :
फुलांत बसवू नका, प्लीज. बरीचशी रानफुलं एकाच हंगामाची असतात. बी धरायच्या आत तुडवली गेली तर पुढच्या वर्षी उगवणार काय? आणि एकाने बसून केलेला गोल दिसला की पुढचे सगळे तिथेच बसतात. मुलं वाटेवर ठेवा, तुम्ही वाटेच्या वळणापलीकडे जा. मधे फुलं आली की झालं.

दोघांचीआई :
पण मग फोटोत वाट नाही का दिसणार?

पायवाट :
लेन्सवेडा म्हणतात तसं खाली पडलात तर नाही. गळ्यापर्यंत फुलंच.

झोपमोड :
कपडे फुलांच्या रंगाचे नकोत, पोर त्यातच हरवतं. पांढराशुभ्र सदरा उन्हात भगभगतो. दाट पिवळ्या फुलांवर वाकवलंत तर हनुवटीखाली पिवळी झाक येते, आमच्या लेकीला कावीळ झाल्यासारखी दिसत होती :) 'हस ना' अजिबात म्हणू नका, काम द्या. मधमाश्या मोजायला सांगा, लांबूनच. धाकट्याची झोप आणि पोट दोन्ही झालेलं हवं.

आणि हो, तो फुलं तोंडात घालेल. फॉक्सग्लोव्हसारखी काही देखणी फुलं चांगलीच विषारी असतात, त्यामुळे एक मोठं माणूस फक्त त्याच्या हातांवर नजर ठेवायला न्या. घरी आल्यावर कानामागे, गुडघ्यामागे, केसांत गोचीड बघा.

दोघांचीआई :
जाऊन आलो! मुलीने सतरा मधमाश्या मोजल्या, त्यातली एक बहुधा माशी होती. धाकटा एकाही फोटोत कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. एकात मात्र तो शिंकतोय, ती त्याचं नाक पुसतेय, आणि दोघं गळ्यापर्यंत जांभळ्या फुलांत. नवऱ्याच्या शर्टाचं पोट हिरवं झालंय, ते कशाने निघेल?