ज्याले डबडं म्हणता, त्याच्यावरच तुमच्या बाबाचा सातबारा निघते

सेतूवाला आर्णी

काल इथं एका भावानं लिवलं : "गावातले सेतू केंद्रवाले बारा-बारा वर्षांचे डबडे कॉम्प्युटर घेऊन बसतात, म्हणून लोकांना एका दाखल्यासाठी तीन चकरा होतात. पन्नास हजारांचा लॅपटॉप घ्यायला काय जाते?" लिवणारा आपल्याच दारव्ह्याकडचा, सध्या मुक्काम पुणे. रात्री तोंडात आल्या होत्या त्या शिव्या गिळल्या अन् आता सकाळी शांत डोक्यानं लिवून रायलो.

माह्यं मशीन 2013 चं. प्रोसेसर थर्ड जनरेशनचा, आय-थ्री. दोन वर्षांमागं त्याचं बटन दाबून मी गोठा झाडून येत जाओ, तवा कुठं स्क्रीनवर चित्र दिसे. मंग यवतमाळच्या एका पोट्ट्यानं त्यात एसएसडी, म्हणजे जुन्या हार्डडिस्कच्या जागी तेज डिस्क, टाकून देली, 1800 रुपयांत. रॅम चारची आठ केली, तेबी जुन्या बाजारातून. आता चहाचा कप तोंडाले लागेपर्यंत उभं रायते. लोकायच्या चकरा माह्या डबड्यापायी नाई होत बाप्पा. मी बटन दाबतो, अन् पुढं थे गोल चक्कर फिरत रायते. सर्व्हर तिकडं झोपला, अन् शिव्या इकडं मले.

अन् लॅपटॉप घेतला होता ना मी! नवा कोरा. आमचं केंद्र टिनाच्या खोलीत हाय. मे महिन्यात बाहेर 45, आत किती थे इचारू नका. दोन वाजले का लॅपटॉप आपोआप बंद. पुढच्या उन्हाळ्यात बॅटरी अशी फुगली का टचपॅड वर आलं, तव्यावरच्या भाकरीवानी. दुकानदार म्हणे वॉरंटीत बसत नाई. डेस्कटॉपचं झाकण काढून बाजूले टेबलफॅन लावला का काम भागते. एकदा पाल घुसून बोर्ड जळाला, थे कबूल. पन पाल काई कंपनी पाहून घुसत नाई.

दारव्हेकर पुणे

तो "भाऊ" मीच. उन्हाचा मुद्दा मान्य, टिनाखाली लॅपटॉप टिकणार नाही. पण तुम्ही एवढं लिहिलंत आणि मशीनवर विंडोज कोणतं आहे ते मात्र शिताफीनं टाळलंत. सेव्हन असेल तर त्याचे सुरक्षा अपडेट 14 जानेवारी 2020 लाच संपले. क्रोमही 109 नंतर त्याच्यावर येत नाही, म्हणजे 2023 च्या सुरुवातीपासून तुम्ही शिळ्या ब्राउझरवर लोकांचे ओटीपी टाकताय. टेन असेल तर तेही 14 ऑक्टोबर 2025 ला संपलं. आणि इलेव्हन तुमच्या मशीनवर सरळ मार्गानं बसतच नाही, त्याला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. एसएसडीनं वेग येतो, सुरक्षा येत नाही.

आता माझी गोष्ट ऐका. एमपीएससीचा फॉर्म भरायला मी गावाकडच्याच एका केंद्रात पेनड्राइव्ह दिला होता. परत आला तेव्हा सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले. फोटो, सही, मार्कशीट, सगळं गायब. शेवटचा दिवस होता. ते वर्ष गेलं माझं. त्यामुळे "डबडं" हा शब्द मी मागे घेणार नाही.

सेतूवाला आर्णी

टेन हाय. झालं समाधान? भाऊ, तुमचं वर्ष गेलं त्याचं वाईट वाटलं, पन त्या केंद्रवाल्यानं पेनड्राइव्ह स्कॅन केला नाई, हा त्याचा आळस. नव्या मशीनवर आळशी माणूस बसवला तरी तेच होईन.

अन् "विंडोज काढून फुकटातलं लिनक्स टाका" म्हणणारे मेसेजमधून येऊन रायले, त्यायच्यासाठी : टाकून पाह्यलं. त्यातलं मिंट लय हलकं चालते, घरी पोट्टी त्याच्यावरच अभ्यास करते. पन माह्यं अंगठ्याचं यंत्र त्याच्यावर चालत नाई, त्याचं सॉफ्टवेअर विंडोजचं अन् अँड्रॉइडचंच हाय. थे यंत्रबी आता जुन्या एल-झिरो प्रकारचं चालत नाई म्हणून नव्या एल-वन प्रकारचं घ्या लागलं. जुन्यात काय बिघाड होता? काईच नाई. फक्त ठशाचं कुलूप आता यंत्राच्या आतच लागलं पायजे म्हणे. बरं, थे पटलं. पन पैसे माह्याच खिशातून गेले ना. अन् कापूस वेचून ज्या बाईच्या बोटाच्या रेषा घासल्या, तिचा अंगठा नव्यावरबी चौथ्या खेपेलेच लागते.

काटेवाला हिंगणघाट

जिनिंगच्या काट्यावर बसतो म्हणून दोन शब्द. आमच्याकडे वजनाच्या डब्यातून वायर निघते थे सिरियल पोर्टात जाते. नऊ टाचण्यांचा पोर्ट. नवीन लॅपटॉपले थो पोर्टच नाई. मालकाच्या पोरानं हौसेनं नवा आणला, यूएसबीचा कन्व्हर्टर लावला. कापसाच्या गाड्या गेटापासून रस्त्यापर्यंत, अन् कन्व्हर्टरचा पोर्ट नंबर बदलला म्हणून स्क्रीनवर वजनच येईना. दीड तास. शेतकऱ्यायनं जे ऐकवलं थे इथं लिवता येत नाई.

दुसरं, प्रिंटर. डॉट मॅट्रिक्स करकर करते म्हणून हासतात. पन थो टाचणीनं ठोकते म्हणून कार्बनच्या तीन प्रती एका दमात निघतात : एक शेतकऱ्याले, एक ऑफिसले, एक गेटावर. लेझर अन् इंकजेट कागदाले ठोकतच नाई, तर कार्बन उमटन कसा? थर्मल पावती मालकानं करून पाह्यली. थे गरमीनंच छापते, मंग गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवली का सारी काळी. शेतकरी पैसे मागायले येते तवा हातात काळा कागद.

दारव्हेकर पुणे

काट्यावर जुनं ठेवा ना, कोण नाही म्हणतं? ते मशीन इंटरनेटला जोडलेलं नाही. मी बोलतोय ते आधार आणि बँकेच्या कामाबद्दल. दोन्ही एकाच पोत्यात भरू नका.

टायपिंगवाले मास्तर

मशीनचं सोडा हो. नव्याच्या नादात मराठीचं काय झालं ते कोणी बोलत नाही. बावीस वर्षं इन्स्टिट्यूट चालवली. मराठी टाइपरायटर भंगारवाल्यानं किलोनं नेले, तेव्हाही गप्प राहिलो, म्हटलं संगणकावर कृतिदेव फॉन्ट आहे, बोटं तीच राहतील. आता म्हणे कृतिदेवही बंद करा, सगळ्या संगणकांवर चालणारं युनिकोडच पाहिजे. ज्या क्लार्कची बोटं चाळीसच्या वेगानं पळत होती तो आता मोबाइलसारखं रोमनमध्ये एक-एक अक्षर वेचतो. आणि दिसतं कसं? युनिकोडच्या 'मंगल' फॉन्टमध्ये ल हिंदीचा, श हिंदीचा. 'दऱ्या' लिहायला जावं तर 'दर्या' होतो. डोंगराची दरी गेली आणि समुद्र आला! याला प्रगती म्हणायचं?

वैधतेवाली पोरगी

सर, माफ करा, पण या कृतिदेवानं माझं एक वर्ष खाल्लंय, म्हणून लिहिते.

माझ्या पणजोबांचं नाव श्रावण. जुनी नोंद कोणीतरी कृतिदेवमध्ये टाइप करून ठेवलेली. कृतिदेव म्हणजे आत इंग्रजी अक्षरंच, वरून मराठीचा मुखवटा. ज्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता तिथं श्रावणच्या जागी दिसलं : जे, के, ओ, टिंब, के. बाबूनं अंदाजानं पुन्हा टाइप केलं, 'सावन'. मग जात वैधतेच्या वेळी श्रावण कोण आणि सावन कोण, हे सिद्ध करत बसलो. नागपूरच्या तीन चकरा, प्रतिज्ञापत्र वेगळं, आणि ॲडमिशन गेली ती गेलीच.

ल-श चा दोष फॉन्टचा आहे, युनिकोडचा नाही. मराठी वळणाचे फॉन्ट आहेत, ते लावा. दऱ्या लिहायला खाली टिंब असलेला ऱ घ्या, पाय मोडा, मग य. ॲडमिशनच्या ॲ लाही 2008 पासून स्वतःची जागा आहे.

टायपिंगवाले मास्तर

बाई, टिंबवाला र मला शिकवू नका. तुमच्या जन्माआधीपासून मी मराठी छापतोय. चूक बाबूची, शिक्षा फॉन्टला?

वैधतेवाली पोरगी

बाबूला दिसलं काय, जे-के-ओ! तो तरी काय करणार? बरं, ती फाइल युनिकोडमध्ये बदलायला टाकली तरी सुखासुखी बदलत नाही. कृतिदेवात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. म्हणून बदलताना नेमकी वेलांटी आणि रफारच इकडचे तिकडे होतात. आणि तुमच्या फाइलीत नाव शोधून दाखवा बरं. 'श्रावण' टाकून शोधलं तर शून्य. शंभर वर्षांची नोंद असून नसल्यासारखी.

टायपिंगवाले मास्तर

आणि वेग? वेगाचं काय? पोटावर पाय दिला आमच्या, आणि वरून व्याकरण शिकवताय.

दारव्हेकर पुणे

मास्तर, फॉन्ट आणि बोटांची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम या टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइपरायटरच्याच मांडणीत युनिकोड उमटतो. बोटं तीच, आतला माल नवा. हे तुम्हाला माहीत नसेल असं वाटत नाही. उगाच रडगाणं लावलंय.

काटेवाला हिंगणघाट

ओ पुणेकर, जरा दमानं. वयानं मोठे हायेत थे. भंगारात टाइपरायटर त्यायचे गेले, तुमचे नाई.

टायपिंगवाले मास्तर

राहू द्या. आयएसएम माहीत आहे. वापरलंही आहे. चालतं. पण विद्यार्थी आता येतच नाहीत, तर कोणत्या मांडणीत शिकवू? भिंतीला?

पोरी, तुझी ती नोंदीची फाइल अजून असेल तर पाठव. वेलांटी कुठे सरकली ते मला डोळ्यांनी दिसतं, तुझ्या कन्व्हर्टरला दिसत नाही. पैसे नकोत.

वैधतेवाली पोरगी

पाठवते सर. चाळीस पानं आहेत.

सेतूवाला आर्णी

धागा माह्या डबड्याचा होता, थे लक्षात हाय का कोनाले?

पुणेकर भाऊ, रातभर हिशोब केला. अंगठ्याचं अन् बँकेचं काम नव्या मशीनवर हलवा लागन, थे तुमचं खरं. लिवताना जिवावर आलं, पन लिवतो. मात्र लॅपटॉप नाई. दसऱ्यापर्यंत आठव्या जनरेशनचा जुना डेस्कटॉप पाहीन, कोन्या ऑफिसातून निघालेला. डबडं जाणार नाई. झेरॉक्स, फोटो अन् छपाई त्याच्यावरच, इंटरनेटची वायर काढून.

दारव्हेकर पुणे

म्हणजे जुन्याच्या जागी जरा कमी जुनं. ठीक आहे, तेवढंही पुष्कळ. "डबडं" ऐवजी "वयस्कर" म्हणतो, चालेल?

एक काम होतं. बाबांना पीककर्जासाठी सातबारा आणि आठ-अ काढायचाय. ते दारव्ह्याला जायला तयार नाहीत, तुमच्याकडेच जातो म्हणतात. उद्या केंद्र उघडं आहे का?

सेतूवाला आर्णी

सकाळी 10 ते 1. नंतर लाइन जाते. आधार अन् गट नंबर घेऊन पाठवा. पेनड्राइव्ह नको.